मेमरी कार्डाचा सातबारा

आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, पावसाच्या बाबतीत मोठा विषम आहे. अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस अक्षरशः कोसळतो. तेथून पूर्वेकडे यावे तो पाऊस झपाट्याने उतरत जातो, आणि पाथर्डी-जामखेडकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. अशा पर्जन्यछायेच्या मुलखात पावसाची प्रत्येक नोंद मोलाची असते. गेलेला पावसाळा परत आणता येत नाही, म्हणून त्याची हरवलेली नोंदही पुन्हा घेता येत नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला होता. नरसाळ्यातून येणारे पाणी एका लहानशा दुहेरी भांड्यात पडते. ठरावीक पाणी साठले की भांडे कलंडते आणि एक विद्युत् स्पंद मिळतो. स्पंदाची वेळ एका छोट्या मेमरी कार्डावर नोंदली जाते. जून ते सप्टेंबर असे चार महिने हे काम बिनतक्रार चालले. ऑक्टोबरात विद्यार्थ्यांनी नवे, सुधारलेले मंडल तयार केले. जुने कार्ड त्यात बसवले, बटण दाबले आणि चिमुकल्या पडद्यावर अक्षरे उमटली : "फाइल व्यवस्था आढळली नाही. नवीन तयार केली."

दुसऱ्या दिवशी कार्ड संगणकात घालून पाहिले. त्यात कालच्या एका दिवसाची फाइल तेवढी होती. चार महिन्यांचा पाऊस नाहीसा झाला होता!

त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. "सर, सगळे गेले का हो?" हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर लेखाच्या शेवटी देतो. ते नीट कळण्यासाठी आधी कार्डाच्या पोटात काय असते ते पाहू.

गाव, गट आणि बांध

मेमरी कार्ड असो, पेनड्राइव्ह असो वा संगणकातील हार्ड डिस्क असो, यंत्राच्या दृष्टीने ती एक लांबलचक वहीच असते. वहीच्या प्रत्येक पानाला 'सेक्टर' म्हणतात. कार्डावर एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. एक बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या. पानांना ०, १, २, ३ असे क्रमांक दिलेले असतात. लक्षात ठेवा, संगणकाची मोजणी एकापासून नव्हे, शून्यापासून सुरू होते. यंत्र कार्डाला एवढेच सांगू शकते : "अमुक क्रमांकाचे पान वाच" किंवा "अमुक पानावर हे लिही." फाइल, फाइलचे नाव, तारीख या गोष्टी कार्डाला ठाऊकच नसतात.

आता आपल्या गावाचा विचार करा. गावाची जमीन सलग असते, परंतु ती एकाची नसते. तिचे गट पाडलेले असतात. प्रत्येक गटाला क्रमांक असतो, क्षेत्र असते, बांध असतो. जमीन मोजून तिची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्या भागात फार जुनी आहे. नगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याची जमीन मोजणी आणि साऱ्याची व्यवस्था इतिहासाच्या पुस्तकांत तुम्ही वाचली असेल. आज आपण 'सातबारा' म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांचा मिळून झालेला उतारा आहे. नमुना सातमध्ये जमीन कोणाची आणि किती, हे असते. नमुना बारामध्ये त्या जमिनीत कोणते पीक उभे आहे, हे असते.

मेमरी कार्डाचेही तंतोतंत असेच आहे. कार्डाचे एक किंवा अधिक 'विभाग' पाडलेले असतात. यांनाच पार्टिशन म्हणतात. विभाग कोठे सुरू होतो, किती मोठा आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, याची नोंद 'विभाग-तक्त्या'त असते. हा झाला कार्डाचा नमुना सात. विभागाच्या आत कोणती फाइल कोणत्या सेक्टरवर आहे, याची नोंद 'फाइल व्यवस्था' ठेवते. हा झाला नमुना बारा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पक्के ध्यानात घ्या. आमची चूक नेमकी येथेच झाली होती.

पहिल्या पानावर काय असते?

विभाग-तक्ता कार्डाच्या अगदी पहिल्या सेक्टरवर, म्हणजे क्रमांक शून्यच्या पानावर असतो. ही पद्धत १९८३ साली आयबीएम कंपनीच्या पीसी-एक्सटी या संगणकाबरोबर आली. त्या संगणकात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. एकाच डिस्कवर दोन-तीन वेगवेगळ्या कार्यप्रणाली नांदाव्यात म्हणून डिस्कचे जास्तीत जास्त चार विभाग पाडण्याची सोय केली गेली. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी तुमच्या हातातील मेमरी कार्ड बहुधा तीच पद्धत पाळते.

त्या पानावरील ५१२ बाइटांची वाटणी अशी असते :

पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या कार्यक्रमासाठी राखलेले असतात. साध्या कार्डावर ते बहुधा रिकामेच असतात.

पुढचे ६४ बाइट म्हणजे विभाग-तक्ता. प्रत्येक विभागाला १६ बाइट, असे चार विभाग : १६ × ४ = ६४.

शेवटचे दोन बाइट म्हणजे शिक्का. त्यांत ८५ आणि १७० या संख्या असतात.

बेरीज करून पाहा : ४४६ + ६४ + २ = ५१२. एकही बाइट वाया नाही!

८५ आणि १७० याच संख्या लिहिल्या की एक गंमत दिसते. द्विमान पद्धतीत ८५ म्हणजे ०१०१०१०१ आणि १७० म्हणजे १०१०१०१०. दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट. रिकाम्या जागेत सगळीकडे शून्ये असतील किंवा सगळीकडे २५५ असतील, पण हा नक्षीदार शिक्का सहसा आपोआप उमटणार नाही. संगणकाच्या पुस्तकांत या संख्या सोळाच्या पायावर लिहितात. आपण मात्र येथे नेहमीचीच दशमान पद्धत वापरू.

चारच विभाग का? कारण जागाच तेवढी आहे. अधिक हवे असतील तर एका विभागाला 'विस्तारित' म्हणून घोषित करतात आणि त्याच्या आत आणखी विभाग पाडतात. गटाचे पोटहिस्से पाडतात ना, तसेच.

सोळा बाइट वाचू या

आमच्या कार्डावरची नोंद मूळ स्वरूपात अशी होती :

०, १३०, ३, ०, १२, २५४, २५५, २५५, ०, ३२, ०, ०, ०, २२४, २३६, ०

हे वाचायला शिकणे मुळीच अवघड नाही. पहिला बाइट हा विभाग संगणक सुरू करण्यासाठी आहे का, ते सांगतो. असेल तर १२८, नसेल तर ०. त्यानंतरचे तीन बाइट आणि पुढे सहा ते आठ क्रमाचे तीन बाइट जुन्या फिरत्या चकत्यांच्या काळातील आहेत. चकतीवरील वर्तुळ, वाचकडोके आणि तुकडा यांचे क्रमांक त्यांत लिहीत. आजची यंत्रे तिकडे सहसा पाहत नाहीत.

पाचवा बाइट विभागाचा प्रकार सांगतो. येथे १२ आहे. त्याचा अर्थ 'फॅट-३२' नावाची फाइल व्यवस्था. १३१ असते तर अर्थ 'लिनक्स' असा झाला असता.

आता महत्त्वाचा भाग. नऊ ते बारा क्रमाचे चार बाइट विभाग कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो ते सांगतात. त्यांत ०, ३२, ०, ० आहे. येथे सर्वांत कमी किमतीचा अंक आधी लिहिण्याची पद्धत आहे, म्हणजे आपल्या लिहिण्याच्या उलट. आपण एकक, दहक, शतक म्हणतो, तेथे प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या २५६ पट. म्हणून,

० + (३२ × २५६) + ० + ० = ८,१९२.

विभागाची सुरुवात सेक्टर क्रमांक ८,१९२ पासून! तेरा ते सोळा क्रमाचे बाइट ०, २२४, २३६, ० हे विभागाचे क्षेत्र सांगतात. तिसऱ्या घराची किंमत २५६ × २५६ = ६५,५३६. म्हणून,

(२२४ × २५६) + (२३६ × ६५,५३६) = ५७,३४४ + १,५४,६६,४९६ = १,५५,२३,८४० सेक्टर.

यास ५१२ ने गुणा. ७,९४,८२,०६,०८० बाइट, म्हणजे जवळजवळ आठ अब्ज. कार्डावर 'आठ जीबी' छापलेले होते, ते उगाच नव्हे.

चाणाक्ष वाचक विचारील, "सुरुवातीचे ८,१९२ सेक्टर, म्हणजे जवळजवळ ४२ लाख बाइट, मोकळे का सोडले?" त्याचे कारण कार्डाच्या भौतिक रचनेत आहे. या स्मृतीत लिहिणे लहान तुकड्यांनी होते, पण पुसणे मोठमोठ्या गठ्ठ्यांनी होते. विभागाची सुरुवात गठ्ठ्याच्या सीमेवर आली, तर एका लिखाणासाठी दोन गठ्ठे ढवळावे लागत नाहीत. म्हणून बांध अशा सोयीच्या जागी घालतात. ही मोकळी जागा लक्षात ठेवा. पुढे तिनेच आमची लाज राखली.

माउंट करणे म्हणजे काय?

पर्जन्यमापक, मोटारीतील नियंत्रक, दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स अशा वस्तूंच्या आत एक छोटा संगणक दडलेला असतो. त्याच्या कार्यप्रणालीला अंतःस्थापित कार्यप्रणाली म्हणतात. फ्रीआरटीओएस, झेफिर ही अशा प्रणालींची नावे आहेत. मोठ्या यंत्रांत लिनक्सही असते. या प्रणालीला कार्डावरील फाइल वाचायची झाल्यास आधी ती फाइल व्यवस्था आपल्या कारभारात सामील करून घ्यावी लागते. या क्रियेला 'माउंट' करणे म्हणतात. शब्द जुना आहे. पूर्वी चुंबकीय फिती आणि चकत्यांचे गठ्ठे माणसे उचलून यंत्रावर चढवीत असत. १९७१ सालच्या युनिक्स प्रणालीच्या पहिल्या पुस्तिकेतही 'माउंट' ही आज्ञा आहे.

माउंट करणारी प्रणाली म्हणजे गावात नव्याने कामाला आलेला सालगडी समजा. तो कष्टाळू आहे, पण गाव त्याला नवे आहे. त्याला नुसते "वावर नांगर" म्हणून भागणार नाही. कोणत्या गटात, कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत, हे सांगावे लागेल. तसे न सांगता तो गावाच्या शिवेपासूनच नांगर धरील, तर कोणाचे पीक मोडेल हे सांगता येईल का?

म्हणून माउंट करताना प्रणालीने पुढील गोष्टी क्रमाने केल्या पाहिजेत. आधी सेक्टर शून्य वाचावा आणि ८५, १७० हा शिक्का पाहावा. मग तक्त्यातून हव्या त्या विभागाची सुरुवात आणि क्षेत्र काढावे. सुरुवात आणि क्षेत्र यांची बेरीज कार्डाच्या एकूण सेक्टरांपेक्षा जास्त तर नाही ना, हे तपासावे. जास्त असेल तर सातबाऱ्यात गावापेक्षा मोठे शेत दाखवल्यासारखे होईल! त्यानंतर विभागाचा पहिला सेक्टर वाचून आत खरोखरच ओळखीची फाइल व्यवस्था आहे का, ते पाहावे. प्रकाराचा बाइट चुकीचाही असू शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

यानंतर खरे बांध राखण्याचे काम सुरू होते. फाइल व्यवस्था आपल्या विभागापुरताच विचार करते. ती म्हणते, "मला सेक्टर १०० द्या." प्रणालीने मनातल्या मनात विभागाची सुरुवात मिळवायची : ८,१९२ + १०० = ८,२९२. कार्डाकडे मागणी ८,२९२ ची करायची. शिवाय मागितलेला क्रमांक विभागाच्या क्षेत्रापेक्षा लहान आहे, याची प्रत्येक वेळी खात्री करायची. ही बेरीज विसरली तर वाचताना कचरा मिळेल, आणि लिहिताना शेजाऱ्याचा घास जाईल.

नावांतही घोटाळा होतो. लिनक्समध्ये पूर्ण चकतीला 'एसडीए' आणि तिच्या पहिल्या विभागाला 'एसडीए१' अशी नावे मिळतात. शेवटच्या एका अंकाचा फरक! गट क्रमांक न लिहिता नुसते गावाचे नाव लिहून अर्ज केल्यासारखे ते होते.

दोन सारखे दिसणारे चेहरे

येथे एक अडचण आहे. सर्वच कार्डांवर विभाग पाडलेले असतात असे नाही. काही वेळा पूर्ण कार्ड म्हणजे एकच शेत असते. तक्ता नाही, बांध नाही. फाइल व्यवस्था थेट सेक्टर शून्यपासून सुरू होते. जुन्या फ्लॉपी चकत्या अशाच असत.

आता गंमत पाहा. फॅट व्यवस्थेच्या स्वतःच्या पहिल्या सेक्टरच्या शेवटीही ८५ आणि १७० हाच शिक्का असतो! म्हणजे नुसता शिक्का पाहून हे पान विभाग-तक्त्याचे की थेट फाइल व्यवस्थेचे, हे कळणार नाही. मग ओळखायचे कसे?

फॅटच्या पहिल्या सेक्टरचा पहिला बाइट बहुधा २३५ किंवा २३३ असतो. ० पासून मोजता ११ व १२ क्रमांकांच्या बाइटांत सेक्टरचा आकार लिहिलेला असतो : ०, २, म्हणजे २ × २५६ = ५१२. फॅट-३२ असेल तर ८२ व्या स्थानापासून 'फॅट-३२' ही अक्षरे रोमन लिपीत कोरलेली सापडतात. उलट पान तक्त्याचे असेल तर ४४६, ४६२, ४७८ आणि ४९४ या चार स्थानांवर ० किंवा १२८ हीच संख्या असली पाहिजे. दोन-तीन खुणा एकत्र पाहिल्या की फसगत होत नाही. अंतःस्थापित यंत्रांत पुष्कळ वापरला जाणारा 'फॅट-एफएस' हा मुक्त कार्यक्रमसंच असेच करतो. आधी सेक्टर शून्यवर फॅट व्यवस्था आहे का ते पाहतो, नसेल तर तक्ता वाचून विभागांत शोधतो. हवा तो विभाग नेमून देण्याची सोयही त्यात आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र वाचनाचा भाग स्वतः लिहिला होता. त्यांच्या टेबलावरचे चाचणीचे कार्ड विभाग नसलेले होते. त्यांचा कार्यक्रम सरळ सेक्टर शून्यवर फॅट शोधत असे, आणि टेबलावर तो दर वेळी बरोबर चालत असे. गच्चीवरचे कार्ड विभाग पाडलेले होते. तेथे फॅट दिसली नाही. आणि कार्यक्रमात पुढची ओळ होती : माउंट झाले नाही तर नवीन फाइल व्यवस्था तयार कर. ती ओळ मीच वाचून "ठीक आहे" म्हटले होते. दोष मुलांचा नव्हता.

'सापडले नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

हा मोह आमच्यापुरता नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे कार्ड तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कदाचित असेल. त्यावर सहसा दोन विभाग असतात : पहिला लहान, फॅट-३२ प्रकारचा आणि दुसरा मोठा, लिनक्सचा. हे कार्ड विंडोजच्या संगणकात घातले की दुसरा विभाग त्याला समजत नाही, आणि "वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉर्मॅट करायची का?" असा प्रश्न पडद्यावर येतो. घाईने 'होय' म्हणणाऱ्याचे महिनोन्‌महिन्यांचे काम एका क्षणात जाते. खरे तर संगणकाने एवढेच म्हणायला हवे होते, की येथे मला न समजणारे काहीतरी आहे. मोडी न येणाऱ्या माणसाने मोडी कागद कोरा समजावा, तसला हा प्रकार.

या धोक्याची जाण नव्या पद्धती ठरवणाऱ्यांना होती. १९८३ च्या तक्त्यात सेक्टर क्रमांकासाठी चारच बाइट आहेत. त्यामुळे २५६ चा चौथा घात इतके, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टरच मोजता येतात. ५१२ ने गुणले की सुमारे २.२ लाख कोटी बाइट, म्हणजे ज्याला दोन टेराबाइटची मर्यादा म्हणतात ती येते. मोठ्या चकत्यांसाठी म्हणून 'जीपीटी' हा नवा तक्ता आला. त्यात सहसा १२८ विभागांची जागा असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत चकतीच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. एक प्रत खराब झाली तर दुसरी कामी येते. पण माझ्या मते त्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट निराळीच आहे. सेक्टर शून्यवर जुन्या पद्धतीचाही एक तक्ता ठेवतात. त्यात एकच विभाग दाखवतात, प्रकार २३८. जुन्या यंत्राला नवी पद्धत कळत नसली, तरी "ही जमीन पडीक नाही, कोणाची तरी आहे" एवढे त्याला कळावे, म्हणून लावलेली ती पाटी!

आमच्या कार्डाचे काय झाले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चार महिन्यांचा पाऊस गेला का?

आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे काहीच केले नाही. कार्ड बाजूला काढले, त्यावर एक अक्षरही लिहू दिले नाही. मग संपूर्ण कार्डाची सेक्टरगणिक प्रत संगणकात घेतली आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर केले. तुम्हांला कधी असा प्रसंग आला तर हाच क्रम ठेवा.

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. नव्या फॉर्मॅटने नेमके कोणते सेक्टर पुसले? फॅट व्यवस्था सेक्टरांचे सारखे गट करते आणि प्रत्येक गटामागे चार बाइटांची एक नोंद ठेवते. आमच्या कार्यक्रमात ६४ सेक्टरांचा एक गट होता. कार्डाचे एकूण सेक्टर ८,१९२ + १,५५,२३,८४० = १,५५,३२,०३२. यास ६४ ने भागा : २,४२,६८८ गट. प्रत्येकी चार बाइट म्हणजे ९,७०,७५२ बाइट. ५१२ ने भागले की १,८९६ सेक्टर. या नोंदवहीच्या दोन प्रती असतात : ३,७९२. आधीचे ३२ सेक्टर राखीव : ३,८२४. मग फाइलींच्या यादीसाठी एक गट, ६४ सेक्टर : ३,८८८. आणि त्या एका दिवसाच्या नोंदींना आणखी एक गट : ३,९५२.

नवे लिखाण ३,९५२ व्या सेक्टरच्या आत संपले होते. जुना विभाग सुरू होत होता ८,१९२ पासून! मधल्या माळरानात नव्या सालगड्याने नांगर चालवला होता. खरे शेत त्याच्या पावलांपासून चार हजारांहून अधिक सेक्टर दूर होते. फॉर्मॅट करताना उरलेली जागाही पुसून काढण्याची सोय असते, ती सुदैवाने आमच्या कार्यक्रमात नव्हती. गेला होता तो फक्त सेक्टर शून्यवरील तक्ता. सातबारा जळाला होता, शेत शाबूत होते.

पण तो ८,१९२ हा आकडा आता कोठून आणायचा? तो ज्या तक्त्यात होता तो तर गेला. आज मी तो वर सहज लिहिला, त्या दिवशी आम्हांला तो ठाऊक नव्हता. म्हणून एका विद्यार्थिनीने छोटा कार्यक्रम लिहिला. सेक्टर एकामागून एक वाचायचा, आणि पहिला बाइट, 'फॅट-३२' ही अक्षरे व शेवटचा शिक्का या तीनही खुणा जुळल्या तर क्रमांक छापायचा. ० छापला गेला. मग ६. फॅट-३२ आपल्या पहिल्या सेक्टरची राखीव प्रत सहाव्या जागी ठेवते, म्हणून ते ठीकच होते. हे दोन्ही नव्या फॉर्मॅटचे. त्यानंतर पडद्यावर उमटले ८१९२. आणि पाठोपाठ ८१९८, त्याची राखीव प्रत. वर्गात केवढा ओरडा झाला म्हणता!

ते पान उघडले. फॅटच्या पहिल्या सेक्टरमध्ये २८ व्या स्थानापासून चार बाइटांत, माझ्या विभागाच्या आधी किती सेक्टर आहेत, हे लिहिलेले असते. तेथे होते ०, ३२, ०, ०. आणि ३२ व्या स्थानापासून विभागाचे एकूण सेक्टर असतात. तेथे होते ०, २२४, २३६, ०. शेताच्या बांधावरच्या दगडावर गटाची चतुःसीमा कोरलेली सापडावी, तसे झाले. या दोन संख्या घेऊन आम्ही सोळा बाइटांची नोंद पुन्हा तयार केली, प्रतीच्या सेक्टर शून्यमध्ये ४४६ व्या स्थानी लिहिली, बाकीची जागा शून्यांनी भरली आणि शेवटी ८५, १७० हा शिक्का मारला. मग ती प्रत 'फक्त वाचण्यासाठी' या अटीवर माउंट केली. जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबरच्या शेवटच्या थेंबापर्यंत सारा पाऊस जागच्या जागी होता.

यात आमची हुशारी थोडी, नशीब अधिक. गट ६४ ऐवजी ८ सेक्टरांचे असते, तर नोंदवहीच आठपट मोठी झाली असती, आणि ती ८,१९२ चा बांध ओलांडून जुन्या शेतात शिरली असती. खात्री तुम्हीच करून पाहा.

आता नव्या कार्यक्रमात ती ओळ नाही. माउंट झाले नाही, तर यंत्र लाल दिवा लावते आणि थांबते. फॉर्मॅट करायचे असेल तर माणसाने दोन बटणे एकदम पाच सेकंद दाबावी लागतात. शिवाय पेटी उघडण्यापूर्वी 'कार्ड सोडा' हे बटण आहे. यंत्र काही मजकूर आपल्या स्मृतीत साठवून नंतर कार्डावर उतरवते. तो उतरण्याआधी कार्ड ओढले किंवा वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते. जसे माउंट करणे, तसेच रीतसर सोडवून घेणेही आवश्यक असते.

करून पाहा

१. वरील हिशेब ६४ ऐवजी ८ सेक्टरांचा गट धरून करा. नोंदवहीच्या दोन प्रती मिळून किती सेक्टर व्यापतील?

२. एका नोंदीत शेवटचे आठ बाइट असे आहेत : ०, ८, ०, ०, ०, ०, १६, ०. विभाग कोठे सुरू होतो? त्यात किती बाइट मावतात?

३. एका कार्डाचे एकूण सेक्टर २०,००,००० आहेत. तक्त्यात सुरुवात १०,००,००० आणि क्षेत्र १२,००,००० लिहिले आहे. तुमची प्रणाली काय करील? फॉर्मॅट तर करणार नाही ना?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. चौकटींच्या कागदावर १०० घरांचे 'कार्ड' काढा. शून्याच्या घरात तक्ता लिहा, २० व्या घरापासून विभाग पाडा. एका विद्यार्थ्याला प्रणाली करा, दुसऱ्याला फाइल व्यवस्था. दुसरा विभागातील घर मागेल, पहिल्याने बेरीज करून खरे घर दाखवायचे. पाच-सहा मागण्यांत मुलांना बांधाचे महत्त्व संगणकावाचूनही कळते.

आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. यंत्र "मला काही सापडले नाही" असे म्हणाले, तर ते आपल्या शोधण्याबद्दल बोलत असते, कार्डाबद्दल नव्हे. हात आवरा, आधी प्रत घ्या आणि मग पहिले पान उघडून वाचा.

उत्तरे : (१) १,५५,३२,०३२ ÷ ८ = १९,४१,५०४ गट. एका प्रतीला १५,१६८ सेक्टर, दोहोंना ३०,३३६. बांध ओलांडला! (२) सुरुवात ८ × २५६ = २,०४८. क्षेत्र १६ × ६५,५३६ = १०,४८,५७६ सेक्टर, म्हणजे ५३,६८,७०,९१२ बाइट. (३) बेरीज २२,००,००० येते, ती कार्डापेक्षा मोठी आहे. माउंट करण्यास नकार द्यावा, चूक दाखवावी आणि थांबावे.